दस्तगीर पेंटरची अर्धी पाटी

दस्तगीर पेंटर पाटी शेवटाकडून रंगवायचे. मी बार्शीहून त्या गावी मराठीचा मास्तर म्हणून रुजू व्हायला गेलो, त्या सकाळी शाळेच्या दारावर शिडी लावलेली होती. शिडीवर लुंगी खोचून एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. पत्र्याच्या पाटीवर उजव्या टोकाला त्यानं हिरव्या रंगात एकच अक्षर काढलं होतं, ‘ळा’. बाकी सगळा पत्रा कोरा. मी नवा मास्तर, अंगात नवा कोट आणि डोक्यात नवी अक्कल. खालूनच ओरडलो, “अहो, उलटं लिहिताय तुम्ही! मराठी डावीकडून लिहितात!”

त्यांनी मान वळवली नाही. “मास्तर दिसताय.”

“हो. आजच आलोय.”

“मग जरा शिडी धरा. हलायली.”

नोकरीतलं माझं पहिलं काम हे असं शिडी धरण्याचं. वरून ‘शा’ आला, मग ‘क’, मग ‘मि’, मग ‘थ’, आणि शेवटी डाव्या टोकाला ‘प्रा’ असा काही नेमका जाऊन बसला, की दोन्हीकडची मोकळी जागा बोटानं मोजून घ्यावी. खाली उतरून ते म्हणाले, “शेवट आधी लिवावा, मास्तर. सुरुवातीला काय, जागा कुठंबी भेटते. लोक सुरुवात दणक्यात करतेत आन् शेवटाला अक्षरं चेंगरतेत.” मी मोठ्या माणसासारखी मान डोलावली आणि आत जाऊन हेडमास्तरांपुढं उभा राहिलो. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली. छाप हिरव्या रंगाची होती आणि ती कोटाच्या दोन्ही खांद्यांवर पडली होती.

गावाचं नाव मी सांगणार नाही. उमरग्याहून यायला दिवसातून दोन एसटी होत्या आणि गावात एक पडका किल्ला होता, एवढं पुरे. नावं देण्याचा माझा पूर्वीचा अनुभव चांगला नाही. पुढं कळेलच.

निजामाच्या राजवटीत दस्तगीरचाचांनी जन्मभर उर्दू पाट्या रंगवल्या होत्या. कचेरी, चौकी, दुकानं, सगळीकडे त्यांचाच हात. विलीनीकरण झालं आणि वर्षभरात पाट्या मराठी झाल्या. चाचांना मराठीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून द्यायचं. चाचा तो कागद आधी उभा धरायचे, मग आडवा, मग थोडा लांब, आणि एखादं फूलपान उतरवावं तशी अक्षरं पत्र्यावर उतरवायचे. उजवीकडून लिहिण्याची हाताची सवय काही गेली नाही. कोणी विचारलं, “काय लिहिलंय हो हे?” की ते ब्रश झटकत म्हणायचे, “ते मला काय ठाव? मजकूर तुमचा, माप माझं.”

हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे. तमाशाची पाटी असो, मारुतीच्या देवळाची असो, ताडीच्या दुकानाची असो, नाहीतर एकाच चौकात समोरासमोर बसलेल्या दोन पुढाऱ्यांची असो, मजकूर तुमचा, माप माझं. मला त्यात मोठी गंमत वाटायची. असा निर्लेप माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

निर्लेप माणसाला तसं राहू देईल तो मास्तर कसला! मी त्यांना वाचायला शिकवायचं मनावर घेतलं. शाळा सुटली की ते यायचे, लहान मुलांच्या बाकावर पाय दुमडून बसायचे. मोठे चौकस. एकदा फळ्याकडे बघत म्हणाले, “तुमची अक्षरं मजेशीर हायेत मास्तर. वर दोरी बांधलेली आन् कपडे वाळू घातल्यावानी खाली लोंबायलीत. आमची उर्दू भुईवर मांडी घालून बसती.” त्या दिवसापासून मला शिरोरेघ ओढताना हटकून कुणाचा तरी ओला सदरा दिसू लागला.

चार महिन्यांत ते वाचू लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा अडखळत का होईना वाचता आलं, त्या दिवशी मला हाताला धरून सगळ्या बाजारातून फिरवलं. स्वतःच रंगवलेल्या पाट्या ते जन्मात पहिल्यांदा वाचत होते. “किसान... ऑइल... मिल. अच्छा! म्हणजे हे तेलाचं! मला वाटलं डॉक्टरचं.” असं करत चावडीच्या भिंतीपाशी आलो. ही भिंत चाचांची लाडकी. रोज पान खाऊन ते याच भिंतीवर पिचकारी मारत. आज थबकले. एकेक अक्षर लावत वाचलं, “येथे... थुंकू... नये.” मग माझ्याकडे बघितलं. “हे म्या लिवलंय?”

“तुम्हीच. अक्षर तुमचंच आहे.”

तोंडात पान होतं. ते तसंच धरून, गाल फुगवून, कोपऱ्यापर्यंत चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, “वाचाय शिकवून तुम्ही माझी पंचाईत केली मास्तर.” मी खूप हसलो. ती पंचाईत किती मोठी होणार होती, हे मला तेव्हा कळलं असतं तर हसलो नसतो.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो. मला इतिहासाचं वेड होतं. वाचन कमी, वेड जास्त. गावच्या किल्ल्यात, दरवाजाच्या आत बुरुजाला लागून एक खोल बारव होती. पायऱ्या पार पाण्यात उतरलेल्या, पाणी काळंशार. तिथलं पाणी कुणी भरत नसे. गुरंसुद्धा तिकडे नेत नसत. गावात आल्या आल्या मी दोघातिघांना कारण विचारलं. प्रत्येकानं दुसरीकडे बघत तेवढंच सांगितलं, “बाया पडल्या त्यात.”

“कधी?”

“जुनी गोष्ट हाय.”

झालं! जुनी गोष्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं तीन-चारशे वर्षांपूर्वीची फौज उभी राहिली. मग त्या फौजेपुढं न झुकणारी एक राणी उभी राहिली. शाळेची सहल किल्ल्यात नेली तेव्हा बारवेच्या काठावर उभं राहून मी मुलांना सांगितलं, की शत्रू दरवाजात आला तेव्हा राणीनं या बुरुजावरून उडी घेतली. मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून माझ्याही आलं. पुढच्या वर्षी राणीबरोबर तिच्या सख्यांनी उड्या घेतल्या. त्याच्या पुढच्या वर्षी राणीला काळी घोडी मिळाली. बातमी पसरली, आणि उमरग्याच्या, माकणीच्या शाळा सहली घेऊन येऊ लागल्या. सांगायला अर्थात मीच. गावातली माणसं कधी मागं उभी राहून ऐकायची, खाली मान घालून. मी त्याला भक्तिभाव समजायचो. सगळ्या गावात एकानंही मला थांबवलं नाही. तेव्हा मला हा माझा मान वाटायचा.

एका सहलीच्या वेळी दस्तगीरचाचा तिथंच होते. बारवेच्या भिंतीवर ‘पाणी पिऊ नये’ असं रंगवायचं सरकारी काम त्यांना मिळालं होतं. ‘नये’ झालं होतं, ‘पिऊ’ चालू होतं. माझी राणी घोडीसकट पाण्यात गेली, मुलं डोळे पुसत निघाली, तेव्हा पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, “मास्तर, राणीचं नाव काय हो?”

मी तोपर्यंत नाव ठरवलंच नव्हतं. म्हटलं, “कमलावती.”

ब्रश क्षणभर थांबला. “बरं हाय,” ते म्हणाले. “तिला नाव तरी हाय.” आणि ‘पाणी’ रंगवायला लागले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास गुरुलिंगअप्पांच्या डोक्यात हॉटेलची कल्पना आली. अप्पा गावातले वजनदार दुकानदार, चावडीपासून तहसील कचेरीपर्यंत शब्द चालणारा माणूस. सहली वाढल्या होत्या, बांधकाम खात्याचे साहेब यायचे, तर किल्ल्याच्या दरवाजालगत चहाफराळाची सोय करावी. उद्घाटनाला तहसीलदारसाहेबांनी यायचं कबूल केलं. अप्पा माझ्याकडे आले. “मास्तर, एखादं इतिहासातलं नाव सांगा. माणसाचा पाय थबकला पाहिजे.”

मी एक क्षणही विचार केला नाही. “राणीची उडी उपाहारगृह!”

अप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, “चालतंय. आता राणीचीच हाय म्हणा ती.” मला या वाक्याचा अर्थ विचारावासा वाटला नाही, कारण मी माझ्याच तारेत होतो. फराळाच्या फळ्यासाठीसुद्धा मी नावं सुचवली. राणी स्पेशल चहा. उडी भजी. होय, उडी भजी. हे इथं लिहिताना माझा कान गरम होतो, पण लिहिलं नाही तर हा मजकूर खोटा होईल. तेलात उडी घेतात म्हणून उडी भजी, असं मी अप्पांना समजावूनही सांगितलं होतं.

पाटीचं काम दस्तगीरचाचांकडे जाणार हे ठरलेलंच होतं. वर अप्पांनी शब्द टाकला होता, की ही पाटी साहेबांच्या नजरेत भरली तर तहसीलभरातल्या नव्या शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्या दस्तगीरकडेच. चाचा एकटे राहायचे. पाट्यांवरच त्यांची चूल. हे काम मीच मिळवून दिलं, या आनंदात मी मजकुराचा कागद स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, आणि जुन्या सवयीनं उभाआडवा न धरता सरळ वाचला. वाचून घडी केली आणि खिशात ठेवला. ‘मजकूर तुमचा’ असं काही म्हणाले नाहीत. मी त्याची नोंद घेतली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी किल्ल्यापाशी गेलो. दरवाजालगतच्या नव्या भिंतीवर आठ फुटांचा पांढरा पत्रा चढवलेला होता. उजव्या अर्ध्यात तांबड्या रंगात, काळी सावली दिलेलं ‘उपाहारगृह’. असं देखणं अक्षर मी आजवर पाहिलं नाही. डावा अर्धा कोरा. खाली लिंबाच्या झाडापाशी चाचा रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत बसले होते.

“अहो चाचा, ब्रश काय धुताय? अर्धी पाटी राहिलीय.”

“झाली पाटी.”

“नाव कुठाय?”

त्यांनी ब्रशचे केस बोटांनी सारखे केले. “मास्तर, ह्या मजकुराला माझ्याकडं माप न्हाय.”

मला वाटलं चेष्टा आहे. “जागा तर भरपूर दिसतेय.”

“जागेचं न्हाय बोलत म्या.” त्यांनी ब्रश डब्यात उभा केला. मग शेजारची जागा हातानं झाडून म्हणाले, “बसा. कोट सांभाळून बसा.”

मी बसलो.

“तुमची जुनी गोष्ट हाय ना, ती तुम्ही गावात यायच्या आधी पाच वर्षांची हाय.”

मला कळेना. ते सांगत राहिले. आवाज चढला नाही, पडलाही नाही. पट्टी ठेवून रेघ ओढावी तसं सांगत होते. “निजामाचं राज गेलं. हिंदुस्थानची फौज आली न् पुढं निघून गेली. तिच्यामागून रझाकारांचा सूड आमच्यावर उगवाया जत्था आला. बाहेरगावचे होते, थोडे आपल्या गावचेबी होते. आमी गडी माणसं पळालो. म्हणलं बायांना कोण कशाला हात लावतंय. बाया किल्ल्यात शिरल्या. म्या ज्वारीत पडून होतो, त्या चिंचेच्या पल्याड. ज्वारी डोक्यावर गेलती. दिसायचं काय न्हाय. आवाज यायचे. पाण्यात काय पडलं की आवाज येतो ना, तसे. एक झाला की थांबायचं. पुन्यांदा एक. म्या मोजले न्हाईत. त्यातला एक माझ्या घरवालीचा होता.”

लिंबाची एक काडी त्यांनी उचलली, मोडली आणि टाकून दिली.

“चुन्यात गेरू कालवायची ती माझ्यासाठी. माझ्यापेक्षा तिचा रंग चांगला जमायचा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आन् तुमच्या राणीला घोडी हाय.”

 माणूस अशा वेळी स्वतःची कातडी वाचवायला जातो, तसा मीही गेलो. “चाचा, इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगतोय. मला सांगायचं होतं ना एकदा!”

“तुम्ही इचारलंच न्हाय मास्तर,” ते म्हणाले. “तुम्ही सांगत होता.”

तेवढ्यात गुरुलिंगअप्पा आले. पाटी बघितली, चाचांचे धुतलेले ब्रश बघितले आणि काय झालं ते एका नजरेत ओळखलं. म्हणजे त्यांना भीती याचीच होती. अप्पा आणि चाचा निजामाच्या काळातल्या एकाच उर्दू शाळेत शिकलेले, एकमेकांना अरे-तुरे करणारे.

“दस्तगीर, चढ वर. उद्या साहेब यायलेत.”

“न्हाय अप्पा.”

“बारा वर्षं झाली त्याला. गाव सगळं विसरून गुण्यागोविंदानं राहायलंय. तू कशाला खपली काढायलास?”

“म्या कुठं काढायलो? तुम्हीच पाटीवर लिवायलाय.”

अप्पांचा चेहरा लाल झाला. आवाज खाली आला, तो जास्त भयंकर होता. “रझाकारांच्या कचेरीची पाटी कोणी रंगवली होती रे? माझ्या भावाला त्या पाटीखालून आत नेलं. तो परत आला न्हाई. तवा तुझा हात न्हाई थरथरला? तवा कुठं गेलतं तुझं माप?”

मी चाचांकडे बघितलं. वाटलं, आता हा माणूस कोसळणार. ते उठून उभे राहिले. “न्हाय थरथरला,” ते म्हणाले. “तवा म्या म्हणलो, मजकूर तुमचा, माप माझं. अब्दुलच्या पानपट्टीची रंगवावी तशी रंगवली. तुझा भाऊ आत गेला तवा पाटी वाळायची होती अजून. चुकलो अप्पा. त्यासाठी तू मला कायबी म्हण. पर तीच चूक दुसऱ्यांदा तू मला करायला लावू नको.”

 दोघांच्याही घरातलं एकेक माणूस तिथं मध्ये येऊन उभं राहिल्यासारखं झालं होतं आणि त्यांच्यामध्ये मी, काळी घोडी घेऊन. मग अप्पा एकदम माझ्याकडे वळले. “मास्तर, नाव तुमचं हाय. तुम्हीच लिवा. तुमचं अक्षर बरं हाय म्हणतेत. आजच्या आज झालं पाहिजे.”

इथं मी ‘नाही’ म्हणालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण अप्पा शाळा समितीवर होते, आणि माझ्यात जे काही धाडस होतं ते सगळं मी गोष्टीतल्या राणीला देऊन बसलो होतो. मी ब्रश उचलला. शिडीवर चढलो. दुसऱ्या पायरीवरच शिडी डुगडुगली. आणि मग अचानक ती स्थिर झाली. खाली बघितलं तर दस्तगीरचाचा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.

“सावकाश, मास्तर,” ते म्हणाले. “पडताल.”

मी वर गेलो. ब्रश रंगात बुडवला. पाटीच्या वरच्या बाजूनं भिंतीपलीकडचं दिसत होतं. काठावरून कधीच दिसली नव्हती तशी ती बारव तिथून पूर्ण दिसली. बारवेच्या पलीकडे तटाचं खिंडार, खिंडारातून चिंच, आणि चिंचेच्या पल्याड ज्वारीचं रान. तिथून इथपर्यंत आवाज सहज पोचेल एवढंच अंतर होतं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत होतो, की शत्रू क्षितिजावरून आला.

मला ‘रा’सुद्धा काढता आला नाही. ब्रशातला रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मी खाली उतरलो आणि अप्पांना म्हणालो, “माझा हात स्थिर नाही. जमत नाही मला.” बघा, तेव्हासुद्धा मी ‘लिहिणार नाही’ म्हणालो नाही. ‘जमत नाही’ म्हणालो. उमरग्याहून दुसरा पेंटर आणायला आता वेळ नव्हता. अप्पा दणदण पाय आपटत निघून गेले. चाचांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि पुन्हा रॉकेलमध्ये धुवायला बसले.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेब आले. फीत कापली, चहा झाला. अर्ध्या पाटीकडे बघून त्यांनी विचारलं, “नाव राहिलंय वाटतं?” अप्पा म्हणाले, “रंग वाळायचा हाय साहेब.” साहेब भला माणूस. हसून म्हणाले, “बरं, ती राणीची गोष्ट फार ऐकलीय. मास्तर कोण ते?”

सगळं गाव बारवेच्या काठावर गोळा झालं. मी उभा राहिलो. सवयीनं हात वर गेला, तिथं घोडी असायची. मागं गर्दीच्या कडेला चाचा होते. मी म्हटलं, “साहेब, राणी नव्हती. ती मी रचलेली गोष्ट आहे.”

 साहेब गोंधळले. “मग इथं काय झालं होतं?”

मी गावाकडे बघितलं. प्रत्येकाची नजर जमिनीवर. अप्पांचीसुद्धा. त्या सगळ्या खाली घातलेल्या माना मी पूर्वीही पाहिल्या होत्या, आणि त्यांना भक्तिभाव समजलो होतो. मग मी चाचांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वळवले नाहीत. माझ्याकडून काही मागतही नव्हते. आणि मी, मराठी मातीचा इतिहास शिकवणारा मास्तर, साहेबांना म्हणालो, “बाया पडल्या त्यात. जुनी गोष्ट आहे.”

मी गावचा झालो तो त्या क्षणी.

खोटी राणी गेली, पण तिच्या जागी मी खरं काही ठेवलं नाही. त्यानंतर सहलींना मी ती गोष्ट कधी सांगितली नाही, एवढंच मी केलं. कुणी विचारलं की बुरुजाची उंची सांगायचो.

तहसीलीच्या पाट्या उमरग्याच्या पेंटरकडे गेल्या. गावातलं कामही हळूहळू आटलं. कुणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. फक्त पाटी रंगवायची वेळ आली की लोकांना दुसरा माणूस आठवू लागला. ज्यानं एकदा मजकूर वाचला, तो पुढं कुठला वाचील याची धास्ती असावी. वर्षभरात चाचांनी गुलबर्ग्याला भाच्याकडे जायचं ठरवलं. मला ते सांगायला शाळेत आले, तेव्हा पूर्वीसारखे लहान बाकावर दुमडून बसले आणि फळ्यावरचा सुविचार मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितलेलं नसताना.

एसटीवर पोचवायला मी एकटाच होतो. निदान मला तसं वाटलं. मग दिसलं, की पलीकडे रस्त्याच्या कडेला गुरुलिंगअप्पा उभे आहेत. ते पुढं आले नाहीत, निघूनही गेले नाहीत. चाचांनी त्यांच्याकडे बघून हात कपाळाला लावला. अप्पांनी हातातली छत्री उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

गाडी सुरू झाली तेव्हा चाचांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. “त्या दिवशी म्या राणीचं नाव इचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही पटकन सांगितलं.”

“चाचा, मला...”

“ऐका. आता तुम्ही इचारा.”

इंजिन घरघरत होतं. मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. मग म्हणाले, “कुठंतरी लिवून ठेवा मास्तर. पाटीवर नको.”

दोन वर्षांनी भाच्याचं पत्र आलं, उर्दूत. ते मला वाचता येईना. चाचांना मी माझी अक्षरं शिकवली, पण त्यांची शिकून घ्यावीत असं इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. ते पत्र घेऊन मी गुरुलिंगअप्पांकडे गेलो. अप्पांनी ते वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, “दस्तगीर गेला.” दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हणाले, “आज दुकान बंद हाय.”

बदली होऊन मी ते गाव सोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा त्या बाजूला जाणं झालं तेव्हा मुद्दाम किल्ल्यापाशी उतरलो. हॉटेल आहे. पाटी तीच आहे. उजवीकडे चाचांच्या हातचं ‘उपाहारगृह’, रंग फिका झालाय पण अक्षर हललेलं नाही. डावीकडचा अर्धा पत्रा पांढरास्वच्छ, जणू कालच रंगवलेला. पंचक्रोशीत त्याला ‘कोऱ्या पाटीचं हॉटेल’ म्हणतात. गल्ल्यावर अप्पांचा मुलगा होता. मी विचारलं, “नाव का घातलं नाही अजून?”

तो म्हणाला, “आमच्या अप्पांचं सांगणं होतं. दरसाल डाव्या अंगाला पांढरा रंग द्यायचा. उजव्या अंगाला ब्रश लावायचा न्हाई. का, ते त्यांनी सांगितलं न्हाई.” मग मला म्हणाला, “तुम्ही टेकलाय तो खांब ओला हाय हं.”

पाठीवर रंग घेऊन मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. चाचांच्या पद्धतीनं बसलो. शेवटच्या कागदावर, अगदी खाली, उजव्या टोकाला, आधी एक नाव लिहून ठेवलं. बाकी सगळं नंतर लिहिलं. लिहिताना कुठं अक्षरं चेंगरली असतील, कुठं मीच जास्त जागा घेतली असेन. ती माझी जुनी खोड. पण त्या नावापर्यंत येईतो जागा पुरली.

हलीमा.